मशीन आपलं, खूण परक्याची

नाशिकच्या सातपूर कॉलनीत माझ्या भावाचं घर आहे. दादानं ३४ वर्षं इथल्याच औद्योगिक वसाहतीत टूलरूम सांभाळली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शोकेसमध्ये गणपतीच्या शेजारी एक कनेक्टिंग रॉड अजून ठेवलेला आहे. गंजू नये म्हणून वहिनी दर दिवाळीला त्याला तेलाचा हात लावते.

माझी लेक पुण्यात विषाणूंवर पीएचडी करते. परवा दोन दिवस ती आली होती. चहा होईपर्यंत तिनं तो रॉड हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "मामा, कोरोनाचं स्पाइक प्रथिन हुबेहूब असंच असतं." दादाला एवढं निमित्त पुरलं. पुढचे दोन तास मामा-भाचीची जुंपली. मी पोहे करायला उठले तेवढीच. बाकीचं जे ऐकलं, ते त्याच रात्री वहीत उतरवून ठेवलं.

मामा : असंच म्हणजे कसं? हा फोर्जिंगचा जॉब आहे. खाली मोठं भोक दिसतंय, तिथं क्रँकशाफ्ट बसतो. क्रँकशाफ्ट असतो वाकडातिकडा, त्यावर अख्खं कडं सरकवता येत नाही. म्हणून रॉड आणि कॅप आधी एकसंध घडवायची, मग ठरलेल्या जागी कापायची आणि क्रँकवर दोन बाजूंनी लावून बोल्टनं आवळायची. कापलाच नाही तर हा देखणा तुकडा इंजिनात जाणार नाही. शोकेसमध्येच राहील.

भाची : मी तेच म्हणतेय. स्पाइकसुद्धा १,२७३ अमिनो आम्लांची एकसंध साखळी म्हणून घडतं. मग पेशीच्या आत ठरलेल्या जागी त्याला काप मिळतो आणि एस-१, एस-२ असे दोन भाग होतात. ते सुटून पडत नाहीत, तुमच्या कॅपसारखे एकमेकांना धरून राहतात. एस-१ नव्या पेशीच्या दाराची कडी पकडतो. मग तो बाजूला झाला की एस-२ पुढे येतो आणि विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणाशी एकजीव करतो. आधीचा काप नसेल, तर फुप्फुसाच्या पेशीत शिरताना विषाणू दारातच अडखळतो.

मामा : आणि कापतं कोण? विषाणूच ना?

भाची : नाही. कापतो आपण. आपल्या पेशीत फ्युरिन नावाचं एक विकर असतं, एन्झाइम म्हणा हवं तर. प्रथिनं बाहेर पाठवण्याआधी त्यांची शेवटची आवराआवर जिथं होते, त्या गॉल्जी भागात ते बसलेलं असतं. या कामाचं मशीन विषाणूकडे नाहीच. तो फक्त 'इथे काप' अशी खूण घेऊन येतो.

मामा : म्हणजे जॉबवर्क! अगं, अर्ध्या सातपूरची चूल त्यावर पेटते. मोठी कंपनी ड्रॉइंग आणि कच्चा माल पाठवते, छोट्या शेडमधला माणूस आपल्या मशीनवर काम करतो आणि चलन लावून माल परत देतो. फक्त इथं मजुरी मिळते.

भाची : तिथं मजुरी तर नाहीच, शेवटी शेडही जाते.

मामा : बरं, ती खूण कशी असते ते सांग. आम्ही सेंटर पंचनं ठिपका मारायचो.

भाची : आर्जिनिन नावाचं एक अमिनो आम्ल आहे, धन भाराचं. ते एका ठरावीक अंतरानं ओळीत आलं की फ्युरिनला ती खूण वाटते. कोरोनाच्या मूळ विषाणूत ६८१व्या जागेपासून क्रम होता प्रोलिन, आर्जिनिन, आर्जिनिन, ॲलनिन, आर्जिनिन. शेवटच्या आर्जिनिननंतर काप. खूण होती, पण जरा पुसट. मग आपल्याकडे काय झालं ते ऐका. २४ मार्च २०२१ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन बदल एकत्र असलेला विषाणू वाढतोय.

मामा : डबल म्युटंट. पेपरात रोज यायचं.

भाची : पेपरवाले दोनच मोजत होते. त्या घराण्यात तिसराही एक बदल होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या दुसऱ्या लाटेच्या नमुन्यांत तो नोंदवला. ६८१व्या जागी प्रोलिन जाऊन तिथंही आर्जिनिन आलं होतं. पुसट खुणेवर कोणीतरी पुन्हा पंच मारावा तसं. त्या घराण्याच्या एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेनं ३१ मे २०२१ला डेल्टा हे नाव दिलं. डेल्टाचं स्पाइक जास्त नीट कापलं जातं आणि शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत विरघळवण्याची त्याची ताकद जास्त असते, हे नंतर प्रयोगांत दिसलं. एकट्या ६८१मुळेच डेल्टा पसरला असं नाही, दुसरे बदलही होते. पण हा त्यातला मोठा.

दादा थोडा वेळ गप्प बसला. तो एप्रिल इथं कोणी विसरलेलं नाही. २१ तारखेला नाशिकच्याच एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. २२ तारखेपासून मोजके अपवाद सोडून सगळ्या उद्योगांचा ऑक्सिजन केंद्रानं रुग्णालयांकडे वळवला. ज्या वसाहतीत गॅस कटिंगच्या ठिणग्या दिवसरात्र उडायच्या, तिथला सिलिंडर माणसाच्या नाकाशी गेला.

मामा : किती अक्षरांचा बदल म्हणालीस?

भाची : विषाणूची सगळी संहिता जवळपास ३०,००० अक्षरांची. त्यात एक अक्षर बदललं.

मामा : एक थाउ, इंचाचा हजारावा भाग, इकडेतिकडे. हं.

भाची : म्हणूनच माझं म्हणणं आहे मामा, की विषाणूच्या मागे धावण्यात अर्थ नाही. तो रोज ड्रॉइंग बदलतो. आपण औषध करेपर्यंत तो पुढच्या रिव्हिजनवर. फ्लूवरचं अमँटाडिन घ्या. ते विषाणूच्याच एका प्रथिनावर चालायचं. विषाणूनं तेवढी जागा बदलली आणि २००६च्या सुमारास डॉक्टरांना ते लिहून देणं सोडावं लागलं. मशीन मात्र आपलं आहे, ते बदलत नाही. तेच काही दिवस थांबवायचं. फ्युरिनकडे नुसता कोरोना येत नाही. डेंग्यू, चिकुनगुन्या, गोवर, एचआयव्ही, सगळे आपापला माल त्याच्याकडेच घेऊन येतात. एक मशीन बंद, पाच गिऱ्हाइकं उपाशी.

मामा : आणि आपली स्वतःची गिऱ्हाइकं? त्यांचं काय करशील?

भाची : म्हणजे?

मामा : ते मशीन विषाणूसाठी बसवलेलं नव्हतं ना? त्यावर घरचं काम काय चालतं ते आधी सांग.

भाची : चालतं बरंच. वाढीचे संदेश देणारी कितीतरी प्रथिनं फ्युरिन कापतं. इन्सुलिनला दाद देणारा पेशीवरचा रिसेप्टरसुद्धा त्याच्याच हातून तयार होतो. आणि इन्सुलिन स्वतः एका लांब साखळीतून कापून निघतं, ते फ्युरिनच्या चुलतभावंडांकडून.

मामा (फ्रिजकडे बोट दाखवत) : माझं पेन तिथं ठेवलंय, दिवसातून दोनदा टोचतो. आणि तू म्हणतेस ते मशीन बंद कर.

भाची : कायमचं नाही हो. पाच दिवस.

मामा : फ्युरिन अजिबात नसलेला प्राणी बघितलाय कोणी?

भाची : उंदरांत करून बघितलं. पिल्लं गर्भातच मरतात.

मामा : मग संपलं.

भाची : नाही संपलं. फ्युरिन सोडा. दुसरं एक विकर आहे, टीएमपीआरएसएस-२.

मामा : हे नाव आहे का पार्ट नंबर?

भाची : पार्ट नंबरच समजा. ते नाक-घसा-फुप्फुसाच्या पेशींवर बाहेरच्या बाजूला असतं. स्पाइकला दुसरा काप तेच देतं, अगदी आत शिरायच्या क्षणी. फ्लूच्या विषाणूचं जे मुख्य प्रथिन, हिमॅग्लुटिनिन, त्यालाही माणसात हेच विकर कापतं. प्रयोगशाळेत आम्ही तबकडीत फ्लूचा विषाणू वाढवतो, तेव्हा त्या पेशींकडे ही कात्री नसते. म्हणून वरून ट्रिप्सिन घालावं लागतं. पहिल्या वर्षी मी एकदा विसरले होते. पेशींतून विषाणू तयार झाला, बाहेरही पडला, पण पुढच्या पेशीत एकही शिरेना. तीन दिवस तबकडी जशीच्या तशी. गाईडनं फक्त विचारलं, "ट्रिप्सिन?" तर सांगायचं हे, की टीएमपीआरएसएस-२ नसलेले उंदीर धडधाकट जगतात, त्यांना पिल्लं होतात, आणि एच१एन१ फ्लूनं ते मरत नाहीत. हे मशीन थांबवलं तर घरचं फारसं काम अडत नाही.

मामा : सगळ्या जातींच्या फ्लूला हेच उत्तर?

भाची : काही एच३एन२ जातींनी दुसरी वाट काढली.

मामा : बघ. हे मला शिकवू नकोस. एका शेडमधलं प्रेस मशीन बंद पडलं की कंपनी थांबते का? संध्याकाळी टेम्पो दुसऱ्या शेडच्या दारात उभा. वसाहत आहे ती, एकटं दुकान नाही.

इथं मीच मध्ये बोलले, कारण मला २०२० आठवलं.

मी : ती मलेरियाची गोळी नव्हती का, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन? आमच्या मेडिकलवाल्याकडे मिळेना. तिचं काय झालं?

भाची : आई, तू मामांच्याच बाजूचं उदाहरण दिलंस. पेशीत शिरायला विषाणूला दोन वाटा आहेत. एक समोरच्या दारानं, तिथं टीएमपीआरएसएस-२. दुसरी मागच्या दारानं. पेशी विषाणूला एका पिशवीत गुंडाळून आत ओढते, पिशवीत आम्ल वाढतं आणि तिथं कॅथेप्सिन-एल नावाचं विकर काप देतं. ती गोळी पिशवीतलं आम्ल कमी करते, म्हणजे मागचं दार बंद. सुरुवातीचे प्रयोग झाले व्हेरो पेशींवर. त्या आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातल्या. त्यांना समोरचं दारच नाही. त्यामुळे गोळीचा परिणाम झकास दिसला. मार्च २०२०मध्ये आयसीएमआरनं आरोग्य कर्मचाऱ्यांना ती खबरदारी म्हणून सुचवली होती. मग माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर प्रयोग झाला. विषाणू समोरच्या दारानं निवांत आत गेला. जूनमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीनंही सांगितलं की रुग्णालयातल्या रुग्णांना तिचा फायदा नाही.

मामा : आणि समोरचं दार बंद करणारं औषध?

भाची (जरा थांबून) : कॅमोस्टॅट. जपानमध्ये स्वादुपिंडाच्या आजारावर जुनं आहे. फुप्फुसाच्या पेशींत छान चाललं. डेन्मार्कमध्ये रुग्णालयातल्या रुग्णांना दिलं, २०२१मध्ये निकाल आला. काही फरक नाही. पण त्याला कारणं आहेत. ते रक्तात फार लवकर तुटतं, आणि रुग्ण रुग्णालयात पोहोचेपर्यंत विषाणूचं बरंचसं काम उरकलेलं असतं.

मामा : कारणं रिजेक्शनच्या प्रत्येक लॉटला असतात, पोरी. आणि त्यानंतर ओमायक्रॉन आला ना? तो कुठल्या दारानं गेला?

भाची : मागच्या दारावर त्याची भिस्त जास्त होती. समोरच्या कात्रीचा वापर त्यानं कमी केला.

मामा : म्हणजे तू समोर कुलूप लावून बसली असतीस आणि तो गल्लीतून आत.

भाची : मान्य. पण मग दोन्ही दारांना कुलूप लावता येईल. आणि घरच्या प्रथिनावर औषध चालतच नाही असं नका म्हणू. एचआयव्हीवरचं मॅराव्हिरॉक विषाणूला हातच लावत नाही, आपल्या पेशीवरचा सीसीआर-५ हा रिसेप्टर झाकतं. २००७पासून वापरात आहे.

मामा : झाकतं ते ठीक. तो एक बिजागर झाला. तू मेन लाइनवर हात टाकतेयस. माझं साधं मत आहे. कापायला विषाणूचं स्वतःचं काही असेल तर ते मोड. त्याचं हत्यार मोडलं तर माझ्या शेडमधल्या एकाही कामगाराचा पगार बुडत नाही.

भाची : त्याचं स्वतःचंही आहे. आतल्या कामासाठी कोरोना आपल्या कात्र्या बरोबर आणतो. त्यातली मुख्य कात्री नेहमी ग्लुटामिननंतर कापते, आणि तशी सवय आपल्या विकरांना नाही. म्हणून पॅक्सलोविड करता आलं. ती कात्री जॅम होते, आपल्या कात्र्यांना धक्का लागत नाही. डिसेंबर २०२१मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. डेंग्यूतही वाटणी आहे. त्याची सगळी प्रथिनं एका लांब पट्टीत येतात, ती कापून दहा सुटे भाग निघतात. काही काप आपली विकरं देतात, काही त्याचं स्वतःचं.

मामा : मग जिंकलो मी.

भाची : अर्धेच. कारण त्या गोळीच्या पाकिटात दुसरी एक गोळी असते, रिटोनाव्हिर. ती आपल्या यकृतातलं विकर अडवते, नाहीतर पहिलं औषध यकृत लगेच मोडून टाकतं. म्हणजे विषाणूचं हत्यार मोडतानाही पाच दिवस आपलं एक मशीन थांबवावंच लागलं. म्हणूनच डॉक्टर आधी विचारतात, रोजची कुठली औषधं चालू आहेत.

दादा मोठ्यानं हसला. पोहे आले. वाद मिटला असं मला वाटलं, पण लिंबू पिळता पिळता त्यानं नवापूर काढलं.

मामा : २००६ला नवापूरला कोंबड्या मेल्या होत्या. आमच्या नाशिक विभागातलंच गाव. तिथं कसली खूण होती?

भाची : तीच. १८ फेब्रुवारी २००६ला भोपाळच्या प्रयोगशाळेच्या तपासणीवरून जाहीर झालं, एच५एन१. देशातला पहिला बर्ड फ्लू. साध्या फ्लूच्या प्रथिनावर कापायच्या जागी एकच आर्जिनिन असतं. ते ओळखणारी विकरं कोंबडीच्या श्वासमार्गात आणि आतड्यात असतात, म्हणून आजार तिथंच राहतो. मारक जातीत त्या जागी आर्जिनिन आणि लायसिनची रांग लागते. मग ते फ्युरिनला ओळखता येतं. आणि फ्युरिन कुठल्या पेशीत नाही? मेंदू, हृदय, यकृत, सगळीकडे माल कापून मिळतो. कोंबडी एक-दोन दिवसांत जाते. नवापूर परिसरात लाखो पक्षी मारून पुरावे लागले. २०२१च्या फेब्रुवारीत तिथंच पुन्हा तेच.

मामा : म्हणजे मशीन तेच, शेडही तीच. फक्त खूण ठळक झाली.

भाची : हो. एच५ किंवा एच७ विषाणू सौम्य की मारक हे ठरवताना प्रयोगशाळा आता त्याच जागेची अक्षरं वाचते.

मामा : आणि उलटं होतं का? मशीन नसेल तर खूण पुसली जाते?

भाची : होतं. कोरोनाचा विषाणू व्हेरो पेशींत पिढ्यान्पिढ्या वाढवला की फ्युरिनची खूणच गळून पडते. समोरचं दार नसलेल्या घरात तिचा उपयोग नाही, उलट अडचण. आम्हाला म्हणून सारखं तपासावं लागतं, नाहीतर आपण ज्याचा अभ्यास करतोय असं वाटतं, तो विषाणू कधीच बदललेला असतो.

मामा : मग तुम्ही माणसंच ती खूण का पुसत नाही?

लेकीनं चमचा खाली ठेवला. मला वाटतं, दोन तासांत पहिल्यांदाच दोघं एका बाजूला आले.

भाची : पुसलीय. कोव्होव्हॅक्स लस आठवते? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवली, रचना अमेरिकेतल्या नोव्हावॅक्सची. २८ डिसेंबर २०२१ला तिला भारतात आपत्कालीन परवानगी मिळाली. त्या लसीतलं स्पाइक कीटकाच्या पेशींत तयार करतात, आणि फ्युरिनसारखी कात्री तिथंही असतेच. स्पाइक कापलं गेलं तर विस्कटेल, आणि शरीराला ओळख पटवायची तर ते अख्खं हवं. म्हणून त्या जागेवरची तिन्ही आर्जिनिनं काढून तिथं ग्लुटामिन बसवलं. मशीन चालू, माल समोरून जातो, पण कापायची खूण नाही. मशीन त्याला हात लावत नाही.

मामा : हे कारागिराचं काम झालं. मशीनला दोष नाही, गिऱ्हाइकाशी मारामारी नाही. ड्रॉइंग दुरुस्त केलं.

भाची : पण ते लसीत जमतं मामा. आजारी माणसाच्या अंगात शिरलेल्या विषाणूचं ड्रॉइंग आपल्याला दुरुस्त करता येत नाही. तिथं माझंच काहीतरी करावं लागेल.

मामा : कर. रात्रपाळीचं एखादं मशीन चार दिवस बंद ठेवायला माझी ना नाही. मेन लाइनला हात लावायचा नाही, एवढंच. आणि मशीन थांबवायच्या आधी फर्स्ट पीस इन्स्पेक्शन शिका. लॉटचा पहिला तुकडा गेजवर लावल्याशिवाय पुढचे ९९९ काढायचे नाहीत, हे आम्ही हेल्परलासुद्धा शिकवायचो. चूक पहिल्या तुकड्यात दिसते. हजाराव्यात ती मोजावी लागते.

रात्री लेक झोपल्यावर मी पुन्हा वही उघडली. दोघांपैकी कोण बरोबर, याचा निकाल औषधांच्या चाचण्या देतील. मला पटलं ते एवढंच. आपल्या अंगातली विकरं आपल्या जन्माआधीपासून कापायचं काम करताहेत, आणि त्यांच्यासमोर आलेला माल आपला की परक्याचा हे त्यांना कळत नाही. कळतं ते आपल्याला, तेही कोणी ती जागा वेळेवर वाचली तरच. ६८१व्या जागेवरचा बदल दिसला तो महाराष्ट्रातल्या माणसांनी नाकात काडी घालू दिली आणि कोणीतरी तो नमुना अक्षर अक्षर वाचला म्हणून. नवापूरची खूण सापडली ती मेलेल्या कोंबड्या भोपाळच्या टेबलापर्यंत गेल्या म्हणून.

तेव्हा डॉक्टरांनी तापाचा नमुना मागितला तर "आता कशाला" म्हणू नका. आणि परसात, शेडमध्ये, रस्त्याकडेला एकाएकी चार-सहा पक्षी मेलेले दिसले, तर हात न लावता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, पुरायचं नंतर बघू. लॉटचा पहिला तुकडा तोच असतो.